जुन्या टेलिव्हिजनची आणि त्याच्या धंद्याची पुस्तकं: काय घ्यावं, काय तपासावं, कसं टिकवावं

प्रश्न थोडक्यात असा: टेलिव्हिजनच्या सुरुवातीच्या काळातलं तंत्र आणि त्या काळचा उद्योग-व्यापार अशा दोन्ही विषयांवरची वापरलेली पुस्तकं जमवायची आहेत. सुरुवात कुठून करायची, खरी जुनी आवृत्ती ओळखायची कशी, आणि घरी आणलेलं पुस्तक टिकवायचं कसं?

हे दोन विषय दोन वेगळ्या कपाटांत ठेवू नका. टेलिव्हिजन जेवढा प्रयोगशाळेत घडला तेवढाच पेटंटच्या अर्जांत, भागभांडवलाच्या माहितीपत्रकांत आणि परवान्यांच्या करारांत घडला. इलेक्ट्रॉनिक टेलिव्हिजनच्या दोन शोधकांपैकी व्लादिमिर झ्वोरिकिन यांचा अर्ज डिसेंबर १९२३ मध्ये दाखल झाला आणि त्यावर पेटंट मिळालं ते डिसेंबर १९३८ मध्ये. दुसरे फिलो फार्न्सवर्थ, त्यांचा अर्ज जानेवारी १९२७ चा, मंजुरी ऑगस्ट १९३० ची. पुढे १९३९ मध्ये आरसीए या अमेरिकेतल्या बड्या रेडिओ कंपनीने फार्न्सवर्थ यांच्या कंपनीशी १० लाख डॉलरचा परवाना करार केला. कॅमेऱ्याची नळी कशी चालते हे तांत्रिक पुस्तकात मिळतं. पण बाजारात शेवटी कोणाचं तंत्र कोणत्या अटींवर उतरलं, हे धंद्याच्या पुस्तकाशिवाय कळत नाही. म्हणून संग्रहाचा कणा म्हणून दोन्ही बाजूंची पुस्तकं जोडीने घ्यावीत. डोनाल्ड फिंक यांचं १९४० चं 'प्रिन्सिपल्स ऑफ टेलिव्हिजन इंजिनिअरिंग' घेतलंत, तर शेजारी ग्लीसन आर्चर यांचं १९३९ चं 'बिग बिझनेस अँड रेडिओ' किंवा रूपर्ट मॅक्लॉरिन यांचं १९४९ चं रेडिओ उद्योगातल्या शोधांवरचं पुस्तक असू द्या. फार्न्सवर्थ यांच्यासाठी पैसा उभा करणारे जॉर्ज एव्हरसन यांनी १९४९ मध्ये लिहिलेलं फार्न्सवर्थ यांचं चरित्र तर दोन्ही बाजूंचं आहे. ते एका पक्षाच्या माणसाने लिहिलंय हे मात्र लक्षात ठेवून वाचावं.

आता शोधायचं कसं. विक्रेत्यांच्या याद्यांत फक्त 'टेलिव्हिजन' हा शब्द टाकून बसलात तर १९५० नंतरची कार्यक्रमांवरची आणि जाहिरातींवरची पुस्तकंच पुढ्यात येतील. हा शब्दच १९०० च्या पॅरिसमधल्या विद्युत परिषदेत कॉन्स्टँटिन पर्स्की यांनी पहिल्यांदा वापरला, आणि रुळायला त्याला आणखी पंचवीस वर्षं लागली. त्याआधीचं आणि त्या सुमाराचं साहित्य 'सीइंग बाय वायरलेस', 'डिस्टंट इलेक्ट्रिक व्हिजन', 'रेडिओव्हिजन', 'रेडिओ मूव्हीज', 'पिक्चर ट्रान्समिशन', 'टेलिफोटोग्राफी' अशा नावांखाली दडलेलं असतं. जर्मनमध्ये 'फर्नझेहेन' आणि 'बिल्डटेलिग्राफी' हे शब्द शोधा. शिवाय फोटोसेल, सेलेनियम, कॅथोड-रे ऑसिलोग्राफ आणि तारायंत्राने चित्रं पाठवणं या विषयांच्या पुस्तकांत टेलिव्हिजनवर एखादं प्रकरण बरेचदा असतं. अशी पुस्तकं विक्रेता 'वीज' किंवा 'रेडिओ' या कप्प्यात ठेवतो. बहुतेकांची नजर तिथे जात नाही.

पुस्तक हातात आलं की सगळ्यात भरवशाची खूण आतच सापडते: चित्रातल्या रेषांची संख्या, म्हणजे चित्र जितक्या रेषांत विभागून पाठवलं जाई तो आकडा. हा आकडा वाचता आला तर शीर्षकपान फाटलेल्या पुस्तकाचाही काळ साधारणपणे सांगता येतो. जॉन लोगी बेअर्ड यांनी जानेवारी १९२६ मध्ये लंडनमध्ये प्रात्यक्षिक दाखवलं. त्यानंतर ब्रिटनमध्ये जी पद्धत रुळली ती ३० उभ्या रेषांची, सेकंदाला १२.५ चित्रांची. बीबीसीवरून ती सप्टेंबर १९२९ ते सप्टेंबर १९३५ या काळात प्रक्षेपित होत होती. अमेरिकेत चार्ल्स जेन्किन्स यांच्या ४८ आडव्या रेषा आणि सेकंदाला १५ चित्रं. त्यानंतर ६० रेषा आणि २० चित्रं. म्हणून घरी निपको चकती (चित्र रेषारेषांनी उलगडणारी भोकांची फिरती चकती) बनवायला सांगणाऱ्या पुस्तिकेत मोटरचा वेग मिनिटाला ७५० फेरे दिला असेल तर ती ब्रिटिश पद्धतीची, ९०० असेल तर ४८ रेषांची, १२०० असेल तर ६० रेषांची. १२०, २४० आणि ३४३ हे आकडे आरसीएच्या १९३१ ते १९३६ च्या प्रयोगांतले. १८० रेषा दिसल्या तर १९३५ च्या आसपासची जर्मनी. २ नोव्हेंबर १९३६ ला बीबीसीची नियमित सेवा सुरू झाली तेव्हा बेअर्डची २४० रेषांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेषांची पद्धत आलटून-पालटून चालायची. फेब्रुवारी १९३७ पासून फक्त ४०५ उरली. ४४१ म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीची शेवटची दोन-तीन वर्षं, अमेरिका किंवा जर्मनी. ५२५ म्हणजे १९४१ किंवा त्यानंतर. ८१९ रेषा आल्या की युद्धोत्तर फ्रान्स.

याच खुणेने फसवणूकही पकडता येते. मुखपृष्ठावर १९३८ आणि आत ३० रेषांची चकती 'सध्याची पद्धत' म्हणून शिकवलेली असेल, तर मजकूर जुना आणि फक्त पुठ्ठा नवा आहे. अशी पुस्तकं टाकाऊ नसतात, पण ती १९३८ ची म्हणून घेऊ नका.

तांत्रिक पुस्तकांत पहिल्या आवृत्तीचा हट्ट नेहमी कामाचा नसतो, हे माझं स्पष्ट मत आहे. आल्फ्रेड डिन्सडेल यांचं 'टेलिव्हिजन' हे १९२६ चं छोटं पुस्तक या विषयावरच्या इंग्रजीतल्या पहिल्या पुस्तकांत गणलं जातं, त्यामुळे त्याची पहिली आवृत्ती ऐतिहासिक वस्तू आहेच. पण १९२८ ची दुसरी आवृत्ती जवळजवळ नव्याने लिहिलेली आणि बरीच मोठी आहे. बेअर्ड यांच्या यंत्रणेबद्दल अभ्यासाला तीच जास्त उपयोगी. मोसली आणि बार्टन चॅपल यांच्या 'टेलिव्हिजन टुडे अँड टुमॉरो'च्या १९३० नंतर सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की चकती कशी मागे पडली आणि कॅथोड-रे नळी (चित्रनळी) कशी पुढे आली, हे पानोपानी दिसतं. एखाद्या शीर्षकाची पहिली आणि शेवटची अशा दोन्ही आवृत्त्या बाळगाव्यात. मधल्या सोडल्या तरी चालतात.

धंद्याच्या पुस्तकांचं उलट असतं. तिथे मजकूर फारसा बदलत नाही, तेच पुस्तक वर्षानुवर्षं पुन्हा छापलं जातं, आणि सगळा फरक मुद्रणात असतो. शीर्षकपानाची मागची बाजू वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. स्वामित्वहक्काचं साल हे त्या प्रतीच्या छपाईचं साल नव्हे. मॅकग्रॉ-हिल या प्रकाशकाच्या जुन्या पुस्तकांत 'फर्स्ट एडिशन' याच्या खाली 'थर्ड इम्प्रेशन' असंही छापलेलं असतं. म्हणजे आवृत्ती पहिली, पण मुद्रण तिसरं. विक्रेता वरची ओळ सांगतो, खालची सोडून देतो. तेवढ्यावरही भागत नाही. फ्रेडरिक टेलर यांचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं प्रसिद्ध पुस्तक १९११ मध्ये यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या सभासदांसाठी खासगीरीत्या छापलं गेलं आणि त्याच वर्षी बाजारातही आलं. दोन्हींवर साल तेच, पण वस्तू वेगळ्या. विसाव्या शतकाच्या मध्यातल्या अमेरिकी पुस्तकांत बुक-क्लबची प्रतही ओळखायला शिका: पुठ्ठ्यावरच्या कागदी वेष्टनाच्या आत वळवलेल्या घडीवर किंमत नसते, कागद हलका असतो आणि मागच्या पुठ्ठ्याच्या खालच्या कोपऱ्यात शाईविना उमटवलेला छोटासा खळगा असतो. घडीचा कोपरा कापलेला असला की किंमत होती की नव्हती हेच कळत नाही. अशा वेळी तो खळगा बोटाने चाचपून पाहा.

पुनर्मुद्रणांचा सापळा सध्या सगळ्यात मोठा आहे. जुनं पुस्तक स्कॅन करून मागणीनुसार छापणारे अनेक आहेत आणि त्यांच्या नोंदीत साल मूळ पुस्तकाचं टाकलेलं असतं. साधा नियम असा: आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) १९७० च्या सुमारास सुरू झाला. १९२८ चं पुस्तक म्हणून दाखवलेल्या नोंदीत आयएसबीएन असेल, तर ती प्रत १९२८ ची नाही. छायाचित्र एकच असेल आणि तेही फक्त मुखपृष्ठाचं, तर शीर्षकपान, त्याची मागची बाजू आणि एखादं घडीचं (उलगडून पाहायचं मोठं) पान यांची छायाचित्रं मागा. स्कॅनवरून छापलेल्या प्रतीत घडीचे नकाशे बहुधा घडी घातलेलेच स्कॅन झालेले असतात, म्हणजे अर्धी आकृती गायब. शिवाय हाफटोन, म्हणजे बारीक ठिपक्यांनी छापलेल्या, छायाचित्रांचे ठिपके एकमेकांत मिसळून काळे डाग होतात. वाचायला अशी प्रत चालेल, पण सर्किट समजून घ्यायला नाही.

यानंतर पूर्णता, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक चुकतात. तांत्रिक पुस्तकाची पानं मोजून भागत नाही. चित्रपानं चकचकीत आर्ट पेपरवर वेगळी छापून मध्ये चिकटवलेली असतात आणि त्यांना पानांचे आकडे नसतात. आधी आतली आकृत्यांची यादी काढा आणि एकेक चित्र टिकमार्क करत जा. घडीची सर्किटं शेवटच्या पुठ्ठ्याच्या खिशात असतात. खिसा आहे आणि रिकामा आहे, असं फार वेळा दिसतं. शुद्धिपत्राची चिठ्ठी सुटी असते, ती पडून गेलेली असते, आणि सर्किटमधल्या रोधकाचं मूल्य चुकलेलं असेल तर ते त्या चिठ्ठीवरच दुरुस्त केलेलं असतं. घरी यंत्र बनवण्याच्या पुस्तिकांत चकतीवर भोकं आखायचा नमुना-कागद असायचा. ज्याने यंत्र बनवलं त्याने तो कापलाच. कापलेला नमुना असेल तर किंमत त्या हिशेबाने द्या, पण पुस्तिका नाकारू नका. कोणीतरी ती खरोखर वापरली याचा तो पुरावा आहे.

नियतकालिकांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण धंदा आणि तंत्र यांची गाठ तिथेच पडते. लंडनहून मार्च १९२८ मध्ये 'टेलिव्हिजन' नावाचं मासिक सुरू झालं. १९३५ मध्ये त्याचं नाव 'टेलिव्हिजन अँड शॉर्ट-वेव्ह वर्ल्ड' झालं, १९३९ मध्ये त्या नावाच्या सुरुवातीला 'इलेक्ट्रॉनिक्स' जोडलं गेलं आणि १९४१ पासून ते 'इलेक्ट्रॉनिक इंजिनिअरिंग' या नावाने चाललं. नाव बदललं की मासिक बंद पडलं असं समजून लोक शोध थांबवतात आणि पुढचे अंक दुसऱ्या विषयात पडून राहतात. अमेरिकेतल्या बाजूने 'आरसीए रिव्ह्यू' जुलै १९३६ पासून निघालं आणि आरसीएचे टेलिव्हिजनवरचे लेख एकत्र करून काढलेले खंडही त्याच वर्षापासून आहेत.

मासिकं सुटी घ्यावीत की बांधीव? ग्रंथालयाने बांधलेले खंड दणकट आणि स्वस्त पडतात, पण बांधताना मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायची पद्धत होती. जाहिरातींना बरेचदा वेगळे, रोमन आकडे असत, त्यामुळे मजकुराची पानं सलग दिसतात आणि काही गेलंय हे लक्षातही येत नाही. या संग्रहाच्या दृष्टीने ते मोठंच नुकसान आहे. निऑन दिवा कोण विकत होतं, तयार चकती कोण देत होतं, संचाची किंमत कोणत्या महिन्यात उतरली, पत्राने शिकवणाऱ्या शाळा काय आश्वासनं देत होत्या, हे सगळं त्या जाहिरातींतच होतं. शक्य असेल तर वाचायला बांधीव खंड आणि जाहिरातींसाठी थोडे सुटे अंक, अशी जोडी ठेवा. सुट्या अंकांत मधल्या टाचण्या गंजलेल्या असतील तर कागद तिथेच तुटतो. टाचणी ओढून काढू नका; मागचे वळलेले पाय पातळ बोथट पात्याने सरळ करून मग अलगद काढा, आणि जाड सुती दोऱ्याने जुन्याच भोकांतून शिवा.

दुरुस्तीची साहित्यं हा वेगळा, पण फार उपयोगी भाग आहे. जॉन रायडर यांचे टेलिव्हिजन दुरुस्तीचे जाड खंड आणि हॉवर्ड सॅम्स यांचे १९४६ पासूनचे 'फोटोफॅक्ट' संच ही यातली मुख्य नावं. ती वापरून जीर्ण झालेली असतात आणि त्यात वाईट काही नाही. मात्र त्या आकृत्या बघून जुना संच चालू करायचा मोह टाळा. युद्धपूर्व संचांत चित्रनळीचा काही हजार व्होल्टचा दाब थेट मुख्य ट्रान्सफॉर्मरवरून काढलेला असे. तो प्राणघातक आहे, आणि संच बंद केल्यावरही संधारित्रात (कपॅसिटरमध्ये) विजेचा भार शिल्लक राहतो.

प्रतीच्या अवस्थेचे शब्द नीट समजून घ्या. या व्यापारात 'गुड' म्हणजे चांगली नव्हे. 'गुड' म्हणजे झिजलेली, पण पूर्ण. 'व्हेरी गुड' म्हणजे थोडी वापरलेली. 'रीडिंग कॉपी' म्हणजे मजकूर शाबूत, बाकी कशाचीही हमी नाही. ग्रंथालयातून काढलेल्या प्रतीत शिक्के, पाठीवरचा क्रमांक आणि कार्डाचा खिसा असतो. त्यावर 'विथड्रॉन' किंवा 'डिस्कार्ड' असा शिक्का आहे ना हे पाहा, नसेल तर विक्रेत्याला विचारा. किंमत ठरवताना मागितलेल्या किमती पाहू नका, विकल्या गेलेल्या पाहा. एखादं पुस्तक वर्षभर त्याच चढ्या भावाने पडून असेल, तर तो भाव नाही, नुसती अपेक्षा आहे.

युद्धकाळातल्या ब्रिटिश पुस्तकांवर उघड्या पुस्तकावर बसलेल्या सिंहाचं काटकसरीचं चिन्ह असतं. कागद पातळ, समास अरुंद, आणि आज तो तपकिरी होऊन कडा तुटतात. त्या काळच्या पुस्तकाला ही अवस्था साहजिक आहे. पांढऱ्या शुभ्र प्रतीची वाट पाहत बसू नका.

घरी आणलेलं पुस्तक थेट कपाटात ठेवू नये. पारदर्शक पिशवीत बंद करून दोन-तीन आठवडे वेगळं ठेवा. तळाशी भुकटी किंवा बारीक कण दिसले तर कीड आहे. मग हवा काढून दोन पिशव्यांत घट्ट बांधून उणे २० अंशांवर किमान एक आठवडा, घरच्या उणे १८ च्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर हवेतलं बाष्प थंड कागदावरच जमतं. या उपायाने कसर आणि भुंगे मरतात, बुरशी मरत नाही. बुरशी असेल तर आधी पुस्तक कोरडं होऊ द्या, मग घराबाहेर, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झाडा. डांबरगोळ्या पुस्तकांत ठेवू नका. वास जात नाही आणि तो श्वासातही जातो. कुबट वासासाठी झाकणाच्या डब्यात पुस्तक उभं ठेवा आणि खाली वाटीत खाण्याचा सोडा किंवा सक्रिय कोळसा. भुकटीचा कागदाला स्पर्श होता कामा नये.

धूळ झाडताना पुस्तक घट्ट मिटून धरा आणि ब्रश पाठीकडून बाहेरच्या दिशेने फिरवा. ओलं फडकं कधीही नको. आर्ट पेपरची चित्रपानं एकदा भिजून मिटलेल्या अवस्थेत सुकली की विटेसारखी चिकटतात आणि ती सोडवता येत नाहीत. पाणी लागलंच तर ओली असतानाच एकेक पान वेगळं करून मध्ये शोषक कागद घाला, आणि तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून गोठवून ठेवा.

फाटलेल्या पानाला सेलोटेप लावणं हा सगळ्यात मोठा अपराध. डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, फिल्म गळून पडते आणि डाग कायमचा राहतो. गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ आणि जपानी टिश्यूची फाडून घेतलेली पट्टी वापरा. पट्टी कात्रीने कापू नका, फाडल्याने सुटणारे तंतूच पकड घेतात. वर सिलिकॉनचा न चिकटणारा कागद, मग वजन. जुजबंदीचा दोरा सुटला असेल किंवा पाठ निखळली असेल तर बांधणी जाणणाऱ्याकडे द्या. पाठीवर गोंद ओतून पुस्तक 'पक्कं' केलं, तर पुढचा बांधणारा ते कधीच नीट उघडू शकत नाही.

कपाटात आर्द्रता ४० ते ५० टक्के, तापमान १८ ते २० अंशांच्या आसपास आणि मुख्य म्हणजे स्थिर असावं; ६५ टक्क्यांच्या वर बुरशी सुरू होते. भिंतीपासून चार बोटं अंतर सोडा. वेष्टनाला पॉलिएस्टरचं पारदर्शक आवरण घाला, पीव्हीसीचं नको. ते चिकटतं आणि शाई ओढून घेतं.

कारखान्यांचे निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांचे आराखडे हाती लागले तर त्यांना वेगळं ठेवा. जुन्या कागदाला क्षार मिसळलेला, आम्ल मारणारा कागद चांगला असं सगळीकडे सांगतात, आणि पुस्तकांना ते बरोबर आहे. पण या निळ्या आराखड्यांचा रंग क्षारानेच उडतो. त्यांना क्षार न मिसळलेल्या तटस्थ कागदाच्या फोल्डरमध्ये, अंधारात, सपाट ठेवा. उजेडाने फिके पडलेले असतील तर अंधारात काही प्रमाणात रंग परततो. पांढऱ्या कागदावर निळसर किंवा जांभळट रेषा असलेल्या डायझो प्रती त्यांच्याजवळ ठेवू नका, त्यांतून निघणाऱ्या वायूंनी शेजारचा कागद खराब होतो.

स्कॅन करताना मजकुराला ३०० ते ४०० डीपीआय पुरतं, सर्किटच्या रेषांना ६०० घ्या. पुस्तक सपाट दाबू नका. दोन्ही बाजूंना आधार देऊन शंभरेक अंशांपर्यंतच उघडा आणि वरून छायाचित्र काढा.

नोंदवहीत प्रत्येक पुस्तकापुढे शीर्षक, आवृत्ती आणि मुद्रण, मोजलेली चित्रपानं, नसलेली पानं, आधीच्या मालकाच्या खुणा, आणि आतल्या तंत्राचा रेषांचा आकडा लिहा. जुन्या तांत्रिक पुस्तकांत पावत्या, किंमतपत्रकं, वर्तमानपत्राची कात्रणं हमखास निघतात. कात्रण आतच ठेवलं तर त्याचं आम्ल समोरच्या दोन पानांवर तपकिरी चौकोन उमटवतं. ते बाहेर काढा, वेगळ्या लिफाफ्यात ठेवा, लिफाफ्यावर पुस्तकाचा क्रमांक आणि ते कोणत्या दोन पानांच्या मध्ये होतं ते पेन्सिलीने लिहा.